खेळयंत्रांच्या दोषशोधनाची कथा

दुखणें जेथें जाणवतें तेथेंच त्याचें मूळ असतें असें नाहीं, हा वैद्यांचा अनुभव यंत्रांनाही लागू पडतो. नाणें टाकून खेळावयाच्या व्हिडिओ-यंत्रांच्या इतिहासांत तर हा अनुभव आरंभींच्या काळांतच आला. १९७२ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत अटारी कंपनीचे इंजिनियर अॅलन अल्कॉर्न यांनीं 'पाँग' हें टेबल-टेनिससारखें खेळयंत्र तयार केलें, व सनीव्हेल गांवच्या एका मद्यगृहांत तें परीक्षेसाठीं ठेवलें. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याचा निरोप आला. अल्कॉर्न यांनीं पेटी उघडून पाहिली, तों आंतील बोर्ड शाबूत! नाणीं सांठविण्याचा डबाच कांठोकांठ भरून वाहत होता. अवघड शंका घेण्यापूर्वीं सोपी शंका फेडून घ्यावी, हा या विद्येचा पहिला पाठ असा मिळाला.

'पाँग'मध्यें संगणकाचा प्रोसेसर नव्हता, लिहिलेला कार्यक्रमही नव्हता. चेंडू काढणाऱ्या चिप वेगळ्या, गुण मोजणाऱ्या वेगळ्या. चेंडू दिसतो पण गुण दिसत नाहींत, एवढें कळलें कीं दुरुस्ती करणाऱ्यानें नकाशा उघडून गुणांच्या भागाकडे वळावें. लक्षणावरून स्थान कळत असे.

ही सोय पुढें नाहींशी झाली. १९७८ सालीं जपानांतील टायटो कंपनीसाठीं तोमोहिरो निशिकादो यांनीं 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ इंटेल ८०८० या प्रोसेसरवर रचला. त्यांतील ५५ शत्रूंपैकीं जसजसे कमी होत, तसतसे उरलेले अधिक वेगानें चालून येत; कारण थोड्या आकृत्या काढावयाच्या असल्या म्हणजे प्रोसेसरचें काम लवकर उरके. अनभिज्ञ माणसास हा बिघाड वाटावा. परंतु खेळाची गोडी त्यांतच होती! निरोगी प्रकृति ठाऊक असल्याविना रोग ओळखतां येत नाहीं. शिवाय आतां सर्व कामें एकाच स्मृतींतून चालूं लागल्यामुळें एक चिप बिघडली कीं सारा पडदा विस्कटे, आणि लक्षणावरून स्थान कळेनासें झालें.

तेव्हां यंत्रानेंच स्वतःची परीक्षा घ्यावी अशी योजना निघाली. १९९० सालच्या एसएनके कंपनीच्या निओ-जिओ बोर्डाचें उदाहरण घ्या. चालू होतांच तो आपल्या रॅममध्यें ठराविक आंकडे लिहितो व परत वाचून पाहतो. लिहिलें ५५५५ आणि वाचलें ५५५४, असें झाल्यास तो थांबतो व स्मृतीचें नांव, जागा आणि दोन्ही आंकडे पडद्यावर दाखवितो. त्याच्या मुख्य स्मृतीच्या दोन चिप असतात. आंकड्याचा पहिला अर्धा भाग एकींत, दुसरा अर्धा दुसरींत. म्हणून चूक कोठल्या अर्ध्यांत आहे तें पाहिलें कीं दोषी चिप सांपडते.

परंतु प्रोसेसरच मूर्च्छित असेल तर साक्ष कोणी द्यावी? यासाठीं ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनें १९७७ सालीं एक उपकरण काढलें. बोर्डावरील एखाद्या बिंदूंतून जाणाऱ्या स्पंदांचा प्रवाह तें चार अक्षरांच्या खुणेंत आटवून दाखवी, व ती खूण निरोगी बोर्डाच्या छापील खुणेशीं ताडून पाहावयाची. गणित तपासणारा शिक्षक उत्तर चुकलेलें दिसतांच एकेक पायरी मागें जातो, तीच ही रीत. ज्या चिपमध्यें शिरणारी खूण बरोबर आणि निघणारी चूक, दोष तेथें.

या सर्व उपायांस न जुमानणारा एक प्रकार मात्र पुढें आला. १९९३ सालीं कॅपकॉम कंपनीनें आपल्या सीपीएस-२ बोर्डावरील कार्यक्रम नकलेपासून वांचविण्यासाठीं कुलूपबंद केला, आणि त्याची किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतींत ठेविली. बॅटरी संपली कीं किल्ली पुसली जाई. सर्व चिप निरोगी, तारा अखंड, तरी बोर्ड निर्जीव! पुढें हौशी संशोधकांनीं परिश्रमानें कुलुपाचें रहस्य उलगडलें, आणि २०१६ सालीं ती किल्ली पुन्हां भरण्याची रीत प्रसिद्ध केली. मृत मानलेले बोर्ड त्यामुळें पुन्हां बोलते झाले.

तुटलेली तार डाग देऊन सांधतां येते, जळलेली चिप बदलतां येते. परंतु निरोगी यंत्र कसें वागत होतें याची नोंदच उरली नाहीं, तर कुशल हातही आंधळे ठरतात. म्हणून जुने खेळ जतन करूं पाहणाऱ्यांनीं बोर्डाइतकेच त्याचे नकाशे, खुणांचे तक्ते आणि स्मृतींतील मजकूर जपून ठेवावेत; आणि हें काम बोर्ड चालूं आहे तोंवरच उरकावें.