इर्शाळवाडी दुर्घटना आणि शासनयंत्रणेवरील विश्वास
रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीत वसलेल्या ठाकर आदिवासींच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी शोध थांबवून ५७ बेपत्तांना मृत मानण्यात आले. वाडीपर्यंत रस्ता नसल्याने यंत्रे वर पोचलीच नाहीत; बचावपथके पायवाटेने चढली आणि फावड्यांनी माती उपसत राहिली. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, हे शासनानेच विधानसभेत सांगितले. विश्वासाला खरा तडा जातो तो इथे. ज्या यंत्रणेला वाडीचा धोका दिसला नाही, तिने उद्या ‘घर सोडा’ म्हटले तर कोणी का ऐकावे?

यावर दोन आक्षेप येतात. दरड नेमकी कधी कोसळेल हे भूवैज्ञानिकही सांगू शकत नाहीत, हा पहिला. तो खरा आहे. पण माळीण (२०१४) आणि तळीये (२०२१) इथल्या दरडींनंतर तीव्र उतारावरच्या वस्त्या तपासायला भाकिताची गरज नव्हती. आदिवासी डोंगर सोडत नाहीत, हा दुसरा आणि जास्त सोयीचा आक्षेप. पण इर्शाळवाडीकरांनी पायथ्याशी बांधलेल्या झोपड्या वनविभागानेच हटवल्या, असे बचावलेल्या रहिवाशांनी तेव्हा पत्रकारांना सांगितले होते.

वाचलेल्यांना आधी चौक गावाजवळ कंटेनरमध्ये ठेवले, कायमच्या घरांचे काम सिडकोकडे दिले. घरे आवश्यकच, मात्र कर्जत-खालापुरातल्या उरलेल्या वाड्यांचा भरवसा तेवढ्याने परतत नाही. त्यासाठी दरडप्रवण गावांची यादी ग्रामसभेत वाचली जावी, नाव का आले वा का गळले याचे लेखी कारण मिळावे आणि स्थलांतराची जागा पावसाळ्याआधी ठरावी.