लेहच्या मातीची छपरं

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचावर आहे. पावसाळी ढग हिमालयाच्या दक्षिण उतारावरच रिते होतात. पलीकडे लेहला वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून साधारण १०० मिलिमीटर पाणी मिळतं. आपल्या महाबळेश्वरात जुलैच्या एखाद्या दिवशी याहून अधिक कोसळतं!

म्हणून लेहची जुनी घरं उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांची. छप्पर सपाट : पॉप्लरच्या तुळया, त्यावर काटक्या, वर मातीचा थर. सतराव्या शतकात सेंगे नामग्याल राजाने नऊमजली राजवाडाही दगड, माती नि लाकडातच बांधला. त्याच शतकात पायथ्याशी जामा मशीद उभी राहिली. खाली बाजारात यारकंदचे, काश्मीरचे व्यापारी उतरत. वितळत्या बर्फाचं पाणी पाटांनी जवाच्या शेतांत जाई. आभाळाकडून कुणी फार मागत नसे.

५ ऑगस्ट २०१०च्या रात्री ढगफुटी झाली. उघड्या डोंगरांवर पाणी अडवायला गवतही नव्हतं. चिखल, दगडधोंडे खाली आले आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. मोठा तडाखा बसला तो शेजारच्या चोगलमसरला, ओढ्याच्या वाटेत वाढलेल्या वस्तीला. टेकडीच्या उतारावरचं जुनं लेह गळलं, पण त्या लोंढ्यातून बरंचसं वाचलं.

छपराला आता सिमेंट लावता येईल. पण घर कुठे बांधायचं, हे जुन्या माणसांना विचारायला हवं. ओढा कोरडा दिसला, तरी त्याची वाट त्याचीच असते.