कुरण कोणी राखायचे?

बोरघाट उतरून खोपोलीकडे आले, की गुरांपुढचा चारा बदलतो आणि त्याचे नावही. घाटावर ज्वारीचा कडबा, खाली भाताचा पेंढा. दोन्ही पिकामागे आपसूक उरतात. गवताचे तसे नाही, त्यासाठी जमीन सोडावी लागते. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारावर ही जमीन म्हणजे ‘वरकस’. भातखाचरांच्या वरची, नाचणी-वरी काढून काही वर्षे टाकून दिलेली. तिला पडीक म्हणायचे एवढेच. तिथले गवत गुरांना लागते आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजायलाही.

‘गवत’ शब्दातच गाय दिसते. संस्कृतात ‘गवादन’ म्हणजे गाईंचे खाद्य. गाय फिरते ते ‘गोचर’. तिच्या फिरण्याची हद्द पुढे इंद्रियांची झाली आणि डोळ्यांच्या टप्प्यात येईल ते ‘दृग्गोचर’ ठरले. वेदांतली ‘गव्यूती’ म्हणजे चराऊ जमीन. पुढे ते अंतराचे माप झाले, गुजरातीतला ‘गाउ’ त्याच वंशातला. वाळलेल्या गवताची ‘गंजी’ मात्र श्रीमंत घराण्यातली दिसते: फारसीत ‘गंज’ म्हणजे खजिना. दिवाळीनंतर कापून रचलेले गवत पुढच्या पावसापर्यंत पुरवायचे, तर नाव शोभतेच.

‘रान’ हे ‘अरण्या’चे प्राकृतातून आलेले रूप. त्याला गाय जोडली, की ‘गायरान’: साऱ्या गावाच्या गुरांचे. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली आहे.

‘कुरणा’चा स्वभाव निराळा. गायरानात गुरे सोडतात; कुरण ‘राखतात’. पावसाळाभर गुरे आत येऊ द्यायची नाहीत, गवत वाढू द्यायचे, थोडे बी जमिनीवर सांडू द्यायचे, मग विळा लावायचा. पेशवाईत घोड्यांच्या वैरणीसाठी सरकारी कुरणे अशीच राखली जात. आधी संयम, मग चारा, हा त्या शब्दाचा क्रम.

आजच्या बातम्यांत मात्र कुरण भेटते ते बहुधा ‘भ्रष्टाचाराचे चराऊ कुरण’ म्हणून. राखण गळून पडली, चरणे तेवढे उरले. तरी जुना अर्थ मनात ठेवून अशी बातमी वाचावी. मग कोणी किती खाल्ले एवढ्यावर भागत नाही. राखणदार कोण होता आणि आत येण्याची वाट कोणी मोकळी ठेवली, हेही विचारावे लागते.