टोपीकरांची टोपी

पनवेलहून दक्षिणेस निघालें कीं कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा वर आलेला दिसतो. हा गड युरोपियनांच्या हातीं दोनदां पडला: सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या, व १८१८ सालीं इंग्रजांच्या. या परक्यांना आमच्या पूर्वजांनीं दिलेलें नांव मोठें मार्मिक आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हे सारे ‘टोपीकर’. धर्म व वर्ण बाजूस ठेवून त्यांस ओळखलें तें डोक्यावरून.

गडाच्या परिसरांतच शिरढोण. तेथें १८४५ सालीं वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. टोपीकरांविरुद्ध बंड केल्याबद्दल वासुदेव बळवंतांस जन्मठेप झाली व १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडन येथें बंदिवासांतच त्यांचा अंत झाला. योगायोग असा कीं, अवघे दोन महिने आधीं, डिसेंबर १८८२ मध्यें, पॅरिसच्या रंगभूमीवर सार्दूचें ‘फेडोरा’ हें नाटक आलें होतें. त्यांतही एका खुनाचा संशय राज्यक्रांतिवाद्यांवरच! सारा बर्नार हिनें रशियन राजकन्येची भूमिका केली, आणि मऊ नमद्याच्या, माथ्याशीं खोलगट अशा टोपीला त्या नायिकेचें नांव चिकटलें. ही टोपी आधीं स्त्रियांनीं उचलली, मग पुरुषांनीं. सशाचे केस वाफेनें व दाबानें एकमेकांत गुंतवून हा नमदा होतो. पूर्वी कारागीर त्यास पाऱ्याचें द्रावण लावीत, आणि त्या विषानें त्यांचे हात कायमचे कांपूं लागत. साहेबांची शोल्याची टोपी निराळी. ती उन्हासाठीं, ही शहरी ऐटीसाठीं.

या ऐटीच्या टोपीनें हिंदुस्थानांत मात्र एक विलक्षण काम केलें. साँडर्सच्या वधानंतर डिसेंबर १९२८ मध्यें भगतसिंग लाहोरहून निसटले ते साहेबी पोषाखांत, फेल्ट हॅट घालून. सोबत दुर्गादेवी व्होरा पत्नी म्हणून, आणि पुणें जिल्ह्यांतील खेडचे शिवराम हरि राजगुरू नोकर म्हणून. आमच्या भाषेंत ‘टोपी घालणें’ याचा जो अर्थ आहे, तो टोपीकरांच्या पोलिसांस मागाहून पुरता कळला असावा.

पुढें तशाच टोपींतलें भगतसिंगांचें छायाचित्र घरोघरीं लागलें. २००८ सालीं संसदेच्या आवारांत उभारलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर मात्र पगडी आहे. त्यामागील भक्ति मी समजूं शकतों. परंतु इतिहासाच्या अध्यापकास ती दुरुस्ती रुचत नाहीं. ती हॅट काढली तर तो साहेब उरत नाहीं, आणि साहेबच नसला तर सामान घेऊन त्याच्या मागें चाललेला खेडचा तरुण तरी कोणाचा नोकर?