राजाच्या मर्जीतून सुटलेली खुर्ची

अमेरिकेतल्या फेडरल न्यायाधीशाचे नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतो, सेनेट त्याला मंजुरी देते. मात्र त्यानंतर निकाल रुचला नाही म्हणून कोणीही त्याला घरी पाठवू शकत नाही. हे अभय कुठून आले ते शोधत आपण १६१६ सालच्या लंडनमध्ये पोहोचतो. मी सांगितले तर चालू खटला थांबवाल का, असे पहिल्या जेम्स राजाने न्यायाधीशांना विचारले. इतरांनी मान तुकवली. एडवर्ड कोक यांनी मात्र वेळ आल्यावर न्यायाधीशाला शोभेल तेच करू, असे उत्तर दिले. राजाची मर्जी खप्पा झाली आणि त्याच वर्षी कोक यांचे पद गेले. वर्तन चांगले असेतोवर न्यायाधीश पदावर राहील, ही हमी इंग्लंडच्या कायद्यात यायला १७०१ साल उजाडले. अमेरिकेतल्या वसाहतींना ती मिळाली नाहीच, उलट १७६१मध्ये तिथल्या गव्हर्नरांना अशा नेमणुका करण्याची मनाई झाली. १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात हे गाऱ्हाणे नोंदले गेले, आणि १७८७च्या राज्यघटनेने त्याचे निवारण केले : सद्वर्तन असेपर्यंत पद, आणि पदावर असताना पगारात कपात नाही.

कागदावरच्या या हमीचा कस लवकरच लागला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सॅम्युएल चेस यांच्यावर राष्ट्राध्यक्ष जेफर्सनच्या पक्षाने महाभियोग आणला. सेनेटमध्ये त्याच पक्षाचे मोठे बहुमत असूनही १ मार्च १८०५ रोजी चेस निर्दोष सुटले, आणि राजकीय वैर हे पदच्युतीचे कारण ठरू शकत नाही, असा पायंडा पडला.

त्याचे मोल कळायला आपल्याला दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला यावे लागते. तिथले वेटीज वेअरिंग १९४२मध्ये फेडरल न्यायाधीश झाले. कृष्णवर्णीय शिक्षकांना समान पगार, १९४७मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत कृष्णवर्णीयांना मतदान, असे निकाल ते देत गेले. जुन्या स्नेह्यांनी त्यांना वाळीत टाकले, घरावर दगड आले. पण खुर्ची हलली नाही. १९५१मध्ये शाळांतले वर्णविभाजन हीच मुळात विषमता आहे, असे त्यांनी भिन्नमतपत्रिकेत लिहिले. त्या खंडपीठावर ते एकटे पडले होते. तीनच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तीच दिशा धरली. कोक यांनी पद गमावून मांडलेला आग्रह वेअरिंग यांना पदावर राहून पाळता आला. न्यायाधीशाला दिलेले अभय खरे तर ज्यांच्या बाजूने बहुमत नसते, त्या माणसांसाठी असते.