जागतिकीकरण : छत्रपती संभाजीनगर परिसर

वस्तू, भांडवल, तंत्रज्ञान व श्रम यांची राष्ट्रांच्या सीमांपलीकडे होणारी वाढती देवघेव म्हणजे जागतिकीकरण. मराठवाड्यास ही प्रक्रिया सर्वस्वी नवी नाही. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात पैठणहून ऑनिक्स खडे व तेरहून कापड गाड्यांतून भडोच बंदरास जात असल्याचा उल्लेख आढळतो.

आधुनिक टप्पा १९९१ च्या आर्थिक उदारीकरणापासून सुरू झाला. त्याचा पाया आधीच घातला गेला होता : मुकुंदवाडीलगतची चिकलठाणा औद्योगिक वसाहत त्यापूर्वीची असून वाळूज येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना निघाला. २००१ मध्ये शेंद्रा येथे स्कोडा मोटारींची जुळणी सुरू झाली. निर्यात व पूरक लघुउद्योग वाढले. ग्रामीण तरुणांना रोजगार मिळाला. मूळचे खेडे असलेली मुकुंदवाडी शहरात सामावून कामगारांची दाट वस्ती बनली.

या लाभांबरोबर हानीही झाली. बाहेरची मागणी घटताच पहिली झळ कंत्राटी कामगारांस बसते. यंत्रमागाच्या स्वस्त मालापुढे हिमरू विणकाम क्षीण झाले. शहर व उद्योग दोन्ही जायकवाडीच्या पाण्यावर अवलंबून आहेत. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यउद्योगांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. २०१९ च्या टंचाईत मुकुंदवाडीतील काही मुले आगगाडीने औरंगाबाद स्थानकावर जाऊन पाणी आणीत. त्याच वर्षी शेंद्रा येथे ‘ऑरिक’ या औद्योगिक नगरीचे उद्‌घाटन झाले. जागतिकीकरणाचे मूल्यमापन केवळ निर्यातीवरून न करता पाणी व रोजगार यांच्या वाटपावरूनही करणे आवश्यक ठरते.