चयापचयजन्य लक्षणसमूह
पोटाभोवतीची चरबी, रक्तदाब, रक्तशर्करा व रक्तातील ट्रायग्लिसराइडे यांची वाढ आणि हितकारक कोलेस्टेरॉलाची घट यांपैकी किमान तीन लक्षणे एकाच व्यक्तीत आढळणे. त्यामुळे मधुमेह व हृदयविकार यांचा संभव वाढतो. रक्तदाब, रक्तशर्करा व वातरक्त यांचे साहचर्य स्वीडिश वैद्य कीलिन यांनी १९२३ मध्ये वर्णिले. चरबी किती यापेक्षा ती कोठे साठते हे महत्त्वाचे, असे फ्रेंच वैद्य व्हाग यांनी १९४७ मध्ये दाखविले. रीव्हन यांनी १९८८ मध्ये इन्शुलिनाला होणारा शरीराचा रोध हे मूळ मानले; त्यांच्या यादीत स्थूलता मात्र नव्हती.

केवळ वजन हे फसवे माप आहे. कोल्हापूरच्या तालमीतील मल्ल उंचीच्या मानाने जड भरतो, पण तो भार मुख्यतः स्नायूंचा. (कुस्ती सुटून खुराक तसाच राहिला, तर गोष्ट वेगळी.) याउलट किरकोळ बांध्याच्या व्यक्तीच्या पोटात चरबी दडलेली असू शकते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील माता व बालके अभ्यासली. तेथील नवजात बालके सरासरी २·७ किग्रॅ., तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३·५ किग्रॅ. भरली, परंतु ही तूट प्रामुख्याने स्नायूंत व अंतर्गत अवयवांत होती, त्वचेखालील चरबी त्यामानाने टिकून होती. यूरोपीय मापांनी असा देह निरोगी ठरे. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ९० सेंमी. ठरविली; यूरोपीयांसाठी ती ९४ होती. उपचारांत मिताहार व नियमित व्यायाम प्रथम येतात. रक्तदाब व रक्तशर्करा यांवरील औषधे गरजेनुसार देतात.